मिरची भजी: पहिला घाणा छान, तिसऱ्याला कवच सुटतं

अडचण नेमकी अशी. भरल्या मिरचीची भजी करायला घेतली की पहिला घाणा अगदी गाडीवरच्यासारखा उतरतो. कवच मिरचीला घट्ट, दाताखाली दोन्ही एकदम तुटतात. दुसऱ्या घाण्यात एखाद्या भज्याच्या पाठीवर फोड दिसतो. तिसऱ्यात झारा लागला की कवच मोजा काढल्यासारखं निघून येतं, मिरची उघडी पडते, सारण तेलात सांडतं आणि ते करपून पुढच्या सगळ्या भज्यांना काळे ठिपके. मिरच्या त्याच, पीठ तेच, कढई तीच, तळणाराही तोच.

माझ्याकडं हे दोन वर्षं चाललं होतं. पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात जरा कमी, पण हटकून. बेळगावात राहून मिरची भजी बिघडावी म्हणजे कोकणातल्या माणसाची सोलकढी फाटावी तसं. चार लोकांत सांगायची लाज वाटायची.

पहिल्यांदा अर्थातच पिठावर खापर फोडलं. पाकिटातलं बेसन सोडून डाळ गिरणीतून दळून आणली. तांदळाचं पीठ वाढवलं, तर कवच कडक झालं पण सुटायचं ते सुटलंच, फक्त आता आवाज करून. मग पीठ दाट भिजवलं. त्यानं भजी दिसायला गुबगुबीत झाली, आतून मात्र कच्च्या पिठाचा थर. सोडा कमी केला, पूर्ण बंद केला, तेल बदललं. ही म्हणाली, "अहो, तुमचं पीठ खाली बसतंय, ढवळत चला." तिचं म्हणणं थोडं बरोबर होतं, ते पुढं येईल. पण मुख्य दोष तिथं नव्हता.

दोष सापडला तो जुलैतल्या एका रविवारी. निपाणीहून मेहुणे सहकुटुंब यायचे होते, पाचपर्यंत पोचतो म्हणाले. मी चारलाच चोवीस मिरच्या भरून परातीत मांडून ठेवल्या. आले की गरमगरम काढायची, असा बेत. हत्तरगीच्या अलीकडं पावसानं गाड्यांची रांग लागली आणि मंडळी उगवली सव्वासहाला. कढई ठेवली, पहिला घाणा सोडला, आणि पहिल्याच घाण्याची कवचं सुटली. एरवी जे तिसऱ्याला व्हायचं ते पहिल्यालाच झालं.

आता हे विचित्र होतं. तोवर मी घाणे मोजत होतो. तेल थकतं, पीठ थकतं, म्हणून तिसरा घाणा बिघडतो असा माझा हिशेब. पण इथं तेल ताजं, पीठ पाच मिनिटांपूर्वी भिजवलेलं. मग बदललं काय? फक्त एकच गोष्ट, मिरच्या भरून सव्वादोन तास बसल्या होत्या.

परात तिरकी केली. एका कडेला दोन चमचे तरी हिरवट पाणी जमलं, त्यात ओव्याचे दाणे तरंगत होते.

मी इथल्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला आहे. वाळूचे साचे करतो, चौदा वर्षं झाली. सुटलेलं एक कवच उचलून उलटं केलं आणि आतली बाजू दिव्याखाली धरली. गुळगुळीत, चकचकीत, बोट फिरवलं तर ओलसर. असला गुळगुळीत खड्डा मी रोज बघतो. साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली की वितळलेलं लोखंड ओतताना तिची वाफ होते, बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच अडकते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या वस्तूला, ब्लोहोल पडतो. त्या भोकाची भिंत नेहमी गुळगुळीत असते. धातू आकसून पडलेला खड्डा निराळा, तो खडबडीत, दातेरी. नवीन पोराला आम्ही पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो: खड्डा किती मोठा ते नंतर, आधी भिंत बघ. आणि मी दोन वर्षं घरी भिंत न बघता पिठाची कंपनी बदलत होतो.

म्हणजे झालं काय, सारणात मीठ. मीठ मिरचीच्या गरातलं पाणी ओढून घेतं. काकडीच्या कोशिंबिरीला आधीच मीठ घातलं तर ताटात तळं होतं, तेच हे. पहिल्या घाण्याच्या मिरच्या भरल्याबरोबर तेलात जातात, त्यांना पाणी सुटायला वेळच नसतो. तिसऱ्या घाण्याच्या मिरच्या तोवर अर्धा-पाऊण तास मुरलेल्या असतात. आतून ओल्या, चिरेतून गळून बाहेरूनही ओल्या. त्यावर पीठ बसतं ते मिरचीवर नव्हे, पाण्याच्या थरावर. गरम तेलात त्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती साधारण 1600 पट जागा मागते. बाहेरून कवच आवळत चाललेलं, आतून वाफ ढकलतेय. कवच सुटणार नाही तर काय होईल?

खात्री करायला पुढच्या आठवड्यात, जिथं नेहमी भजी खातो त्या गाडीवाल्या अण्णांना एक सुटलेलं कवच दाखवलं. हो, डब्यात घालून नेलं होतं, हसू नका. त्यांनी बोटानं आतून पुसलं आणि म्हणाले, "ओळग नीर ऐत्री." आत पाणी आहे हो. तीन शब्दांत विषय संपला, मला दोन वर्षं लागली होती.

तुमच्याकडं नेमका हाच दोष आहे का, हे आधी बघा. सुटलेलं कवच फेकू नका, उलटा. आतून चकचकीत आणि ओलं असेल तर पाण्याचंच काम, खालचं सगळं तुमच्यासाठी. आतून कोरडं, खरखरीत आणि नीट शिजलेलं असेल, पण मिरची आत सैल हलत असेल, तर मिरची आकसली आहे. म्हणजे ती शिळी होती किंवा पातळ सालीची होती. भाजीवाला बदला, पिठाला हात लावू नका. आणि कवच एकाच रेषेत फाटलं असेल, त्या रेषेवर सारण चिकटून करपलं असेल, तर मिरची ठासून भरली आहे आणि चीर उघडली आहे. हे तिन्ही एकदम होऊ शकतं, त्या जुलैत माझ्याकडं झालंही होतं, पण बहुतेक वेळा पहिलंच.

आता दुरुस्ती. पाव किलो मिरचीचं सांगतो, त्यात लांब मिरच्या दहा-बारा बसतात. गणपत गल्लीत किंवा कुठल्याही बाजारात भजीची मिरची म्हणून मागा. फिकट पोपटी, लांब, जाड सालीची, शक्यतो सरळ. वाकडी मिरची चिरली की वाकणापाशी तोंड वासते. जवारी, म्हणजे गावठी मिरची भजीला घेऊ नये, ती ठेच्याला. ब्याडगी नि संकेश्वरी तर वाळवून तिखटाला. एकदा एका पाहुण्यानं ओल्या ब्याडगीची भजी होतील का विचारलं होतं. होतील की, पण पातळ सालीच्या मिरचीत भरणार काय आणि टिकणार काय.

मिरच्या सकाळीच धुवा, भजीच्या वेळी नाही. धुतल्यावर देठाच्या हिरव्या टोपीखाली पाणी अडकून बसतं, ते कपड्यानं पुसून जात नाही. मिरची देठाला धरून, टोक खाली करून झटका, थेंब पडताना दिसेल. मग फॅनखाली पसरून ठेवा. आमच्याकडं पावसाळ्यात झड लागली की चार-चार दिवस काही वाळत नाही, तेव्हा मी मिरच्या गरम तव्याशेजारी ठेवतो. तव्यावर नाही, शेजारी.

चीर एकाच बाजूला, दोन्ही टोकांना बोटाचं पेर सोडून. आतली पांढरी शीर चमच्याच्या दांड्यानं खरवडून काढा. लोक बिया काढतात आणि शीर ठेवतात, मग मिरची तिखट लागली म्हणतात. तिखटपणा त्या शिरेत असतो, बियांना तो तिच्याकडूनच लागतो. आणि शीर काढली की आतली ओलही बरीच जाते.

आता मुख्य गोष्ट. मीठ सारणात घालायचं नाही, आधी मिरचीला लावायचं. चिरलेल्या मिरच्यांना आतून चिमूट-चिमूट मीठ चोळा आणि चाळणीत चीर खाली करून वीस मिनिटं पालथ्या घाला, खाली ताटली. पाणी सुटायचंच आहे ना, मग ते कढईत सुटण्याआधी ताटलीत सुटू द्या. लोणच्याच्या कैरीला मीठ-हळद लावून ठेवतात तेच तंत्र. वीस मिनिटांनी ताटलीत बघा, पाणी दिसेलच. मग सुती फडक्याचं टोक पिळून बारीक करा, मिरचीच्या आत घालून एकदा फिरवा. इतकं पुरतं. मिरचीला लागलेलं मीठ मिरचीतच राहतं, त्यामुळं सारण अळणी केलं तरी भजं अळणी लागत नाही.

सारण आमच्याकडं चिंच, जिरं, ओवा, तीळ आणि शेंगदाण्याचा कूट असं असतं, उत्तरेकडच्या बटाट्याच्या सारणासारखं नाही. या सारणात पाणी येतं ते चिंचेच्या कोळातून. मी पूर्वी कोळ तसाच कालवायचो. आता कोळ कढईत गुळाच्या छोट्या खड्याबरोबर आटवतो, कडा सोडून गोळा व्हायला लागला की उतरवतो. त्यात दोन चमचे शेंगदाण्याचा कूट, चमचाभर भाजलेले तीळ, भरडलेलं जिरं-ओवा, आणि दोन चमचे डाळ्याचं पीठ. डाळ्याचं पीठ विसरू नका. तेच उरलीसुरली ओल पिऊन घेतं. गिरमिटावर, म्हणजे आमच्याकडच्या मसालेदार चिरमुऱ्यांवर भुरभुरतात तेच, घरात असतंच.

सारण बरोबर झालं का हे बघायचं असं: मुठीत दाबलं की बोटांचे ठसे उमटून गोळा व्हावा, आणि तो गोळा मधोमध मोडला की कडा न ढासळता स्वच्छ दोन तुकडे व्हावेत. हाताला ओल लागता कामा नये. ही परीक्षा मी कुठल्या स्वयंपाकघरात शिकलो नाही. मोल्डिंगची वाळू आम्ही रोज सकाळी अशीच मुठीत दाबून बघतो. तिच्यात ओल 3-4 टक्क्यांच्या आसपास हवी, यंत्र आहे मोजायला, पण जुना मिस्त्री यंत्राच्या आधी मूठ बघतो. हिला हे सांगितलं तर म्हणाली, हात धुऊन या आधी.

मिरची पाऊणच भरा, चिरेच्या कडा एकमेकींना टेकल्या पाहिजेत. आणि एका वेळी फक्त एका घाण्यापुरत्या भरा. चार भरल्या, चार तळल्या, त्या तळत असताना पुढच्या चार. घरात दोघं असाल तर एकानं भरावं, एकानं तळावं. सगळ्या भरून रांगेत मांडायचा मोह होतो, परात छान दिसते, पण तीच परात मला बुडवत होती.

भरलेली मिरची पिठात बुडवायच्या आधी कोरड्या बेसनात लोळवून झटका. पुसली तरी मिरचीची साल मेणचट असते, ओलं पीठ तिच्यावरून ओघळतं. कोरड्या पिठाचा पातळ हात दिला की मधे धरायला काहीतरी मिळतं.

ओल्या पिठाचं थोडक्यात सांगतो, कारण सगळे इथंच अडकतात आणि इथं फारसं काही नसतं. 250 ग्रॅम बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, मीठ, हळद, थोडं तिखट. पाणी 250 मिलीपासून सुरू करून चमच्या-चमच्यानं वाढवा, कारण प्रत्येक पीठ वेगळं पाणी पितं. पळीच्या पाठीवर थर बसला पाहिजे, त्यात बोटानं रेघ ओढली तर ती मिटू नये. पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मग चमचाभर कडकडीत तेल घालून फेसा. सोडा अगदी शेवटी, पाव चमच्याच्या आत. पिठात हळदीचे लालसर ठिपके दिसले तर सोडा जास्त झाला समजा, हळद क्षारात लाल होते. अशी भजी तेल पितात आणि साबणासारखी चव मागं राहते.

आणि हिचं म्हणणं इथं बरोबर होतं: बेसन खरंच तळाशी बसतं. दर घाण्याला ढवळलं नाही तर पहिल्या मिरच्यांना वरचं पातळ पीठ मिळतं आणि शेवटच्यांना तळातला चिखल. त्यात ओल्या मिरच्या बुडवून बुडवून पातेल्यात पाणी वाढतं ते वेगळंच. मिरच्या कोरड्या झाल्यापासून माझं पीठ शेवटपर्यंत दाट राहतं, वाढवायचं कोरडं बेसन आता लागत नाही.

आता एक गोष्ट, जी गाडीवर कायम डोळ्यांसमोर होती आणि मी कधी बघितली नव्हती. अण्णा मिरची देठाला धरून पिठात बुडवतात, वर काढतात, आणि तेलात सोडायच्या आधी पातेल्याच्या काठावर तिची एक बाजू हलकेच पुसतात. मला वाटायचं जास्तीचं पीठ काढतायत, काटकसर. ते चिरेची बाजू पुसत होते. तिथं पिठाचा नुसता पापुद्रा राहतो आणि वाफेला तिकडून वाट मिळते. आम्ही साच्याला वर तारेनं टोचून वाफ काढायला बारीक भोकं पाडतो, त्यांची ती भोकं म्हणजे हा पुसलेला पट्टा. मिरची तेलात सोडताना तो पट्टा वर ठेवा. झाऱ्यानं वरून गरम तेल उडवा, पट्ट्यातून बारीक बुडबुडे येताना दिसतील. ते बुडबुडे म्हणजे तुमचं सुटणारं कवच, जे सुटलं नाही.

तेल 170 ते 180 अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका, तो तळाकडं जाऊन लगेच वर यायला हवा. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड, टाकताक्षणी तपकिरी झाला तर फार गरम. घरच्या कढईत चारच, फार तर पाच. सोडल्यावर मिनिटभर झारा लावू नका, कवच धरू द्या. मग उलटा. दोन घाण्यांच्या मधे जाळीनं चुरा काढा आणि तेल पुन्हा तापू द्या. पाहुणे समोर बसले की इथंच घाई होते.

पाहुण्यांच्या वेळेचा भरवसा नसेल तर गाडीवाल्यांची दुसरी युक्ती वापरा. सगळी भजी आधी अर्धकच्ची तळून काढा, फिकट पिवळी, दोन-अडीच मिनिटं. ताटावर न रचता जाळीवर सुटी पसरा. मंडळी आली की तेल चांगलं तापवून मिनिट-दीड मिनिट परत तळा. कवच एकदा मिरचीला धरलं की तासभर बसून सुटत नाही, उलट दुसऱ्या तळणात जास्त कुरकुरीत होतं. गेल्या महिन्यात मेहुणे परत आले होते, यावेळी दीड तास उशिरा. वीसपैकी एकाला फोड आला, तो मी उलटून बघितला. देठाच्या टोपीखाली थेंब राहिला होता.

काही जणांचा प्रश्न असतो की कवच घट्ट बसतं पण मिरची आत कचकच कच्ची लागते. त्यावर तोच पुसलेला पट्टा उपयोगी, तिथून तेल मिरचीला लागतं. तरी कच्ची राहत असेल तर भरायच्या आधी रिकाम्या मिरच्या गरम तेलात अर्धा मिनिट फिरवून काढा. उकळत्या पाण्यातून काढू नका, इतकं वाळवून पुन्हा पाण्यात घालायचं का?

आणि जे हे वाचेपर्यंत थांबू शकत नाहीत, कढई तापलेली आहे आणि घाणा आत्ता बिघडतोय, त्यांनी गॅस बारीक करावा. भरलेल्या उरलेल्या मिरच्या एकेक उचलून चीर खाली करून हलकेच दाबा, गळेल ते पाणी गळू द्या, फडक्यानं टिपा, कोरड्या बेसनात दोनदा लोळवा, चीर पुसा आणि सोडा. निम्म्या तरी वाचतात. उघड्या पडलेल्या मिरच्या तशाच खरपूस होऊ द्या, भाकरीबरोबर चालतात. सुटलेली कवचं मात्र चुरून चिरमुऱ्यांत घाला, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. आमच्या पोरांना तेच इतकं आवडायला लागलंय की परवा धाकटी विचारत होती, बाबा, आता कवचं का सुटत नाहीत?